दोन रात्री एका जागी

समस्त वाचक, सभासद, पुस्तकं परत न करणारे सभासद आणि पेपर वाचायच्या निमित्तानं येऊन पंख्याखाली झोपणारे सन्माननीय नागरिक यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, शिरूर कासारच्या आमच्या वाचनालयात गेली अठरा वर्षं ‘प्रवासवर्णन’ या कपाटात असलेली ‘पाऊलगोत्र’ ही सुप्रसिद्ध कादंबरी कालपासून ‘कादंबरी’ या कपाटात हलवण्यात आली आहे. या स्थलांतराला लेखकाची हरकत नाही. लेखक वारले आहेत.

दिगू, जिंकलास बे.

अठरा वर्षं आपला हा खेळ चालला होता. तू बीडहून यायचास, चहा मागवायच्या आधी त्या कपाटाकडं जायचास, स्वतःचं पुस्तक काढायचास आणि कादंबऱ्यांत नेऊन ठेवायचास. तुझी पाठ वळली की मी ते परत आणायचो. एकदा तू चिडून म्हणालास, “तू लायब्ररियन हाय का सूड घेणारा?” मी म्हटलं, “दोन्ही. पगार एकाचाच मिळतो.” आणि माझं म्हणणं काय चूक होतं, सांग. त्या पुस्तकात माणसं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालतात. कुठं बसत नाहीत, कुठं पेरत नाहीत. मध्ये एक बाळंतपण होतं, तेही चालता चालताच. याला प्रवासवर्णन नाही तर काय म्हणायचं?

तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठं, शाली किती आणि नारळ किती, हे सगळं पेपरात येऊन गेलंय. एकानं तुला ‘पारध्यांचा आवाज’ म्हटलंय. मला हसू आलं. आम्हाला आवाज नव्हता असं मला तरी आठवत नाही. माझी आई उतारावर उभी राहून हाक मारायची तेव्हा शेजारच्या गावची म्हसरंसुद्धा वळून बघायची. कमी पडला तो आवाज नव्हता, ऐकणारा होता. आणि तू ऐकत होतास. माझं खरं दुखणं तेच आहे. पण ते सांगायला थोडं मागून यावं लागेल.

आठवीत मास्तरांनी विचारलं, पारध्याच्या पोराशेजारी कोण बसणार? वर्ग एकदम अभ्यासू झाला, सगळ्यांच्या माना पुस्तकात. तू उठलास, दप्तर घेऊन आलास आणि माझ्याशी पहिला शब्द बोललास. “सरक बे.” दिगू, आजवर मला इतक्या आदरानं कुणी वागवलं नाही. बाकीची माणसं मला बघून एकतर लांब व्हायची नाहीतर कनवाळू व्हायची. तू म्हणालास, सरक. मी सरकलो. बाक तुझा जितका, तितकाच माझाही झाला.

पुढं एकदा कुणाचीतरी शेळी हरवली. कुणाचीही शेळी हरवली की जीप आमच्याच वस्तीवर यायची, जणू शेळीला दुसरं गावच नव्हतं. माझ्या बापाला नेलं. तू तेव्हा माझ्यासोबत बीडला कॉलेजात होतास. सकाळच्या गाडीनं आलास आणि थेट ठाण्यातल्या बाकावर जाऊन बसलास. हवालदारानं विचारलं, “तू कोन?”

“त्यांच्या पोराचा मित्र.”

“पारध्याचा मित्र?”

“हो. लिहून घ्या.”

त्यानं काही लिहिलं नाही. पण तू संध्याकाळपर्यंत उपाशी बसून राहिलास आणि तुझ्याकडं बघून बघून कंटाळून त्यांनी बापाला सोडलं. तो मरेपर्यंत तुला ‘लिहून घ्या’ याच नावानं हाक मारायचा. “लिहून घ्या आला का रे?” असं विचारायचा. शेळी तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायानं घरी आली. तिला कुणी काही विचारलं नाही.

म्हणून तू जेव्हा कोरी वही घेऊन वस्तीवर आलास, तेव्हा तुला काय देऊ आणि काय नको असं झालं होतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. तू घराच्या भिंतीला टेकून बसलास, वहीवर तारीख घातलीस आणि म्हणालास, “मावशी, सांगा.” आई सुरू झाली. ती आणि बाप या गायरानावर कसे आले. गायरान म्हणजे गावच्या जनावरांना चरायला सोडलेली सरकारी जमीन, पण या उतारावर जनावरंसुद्धा येत नसत, कारण गवतापेक्षा दगड जास्त. त्यांनी दगड वेचले, त्याच दगडांचे बांध घातले, बाजरी पेरली, मूग पेरला. मग विहीर खणली. “किती खोल?” तू विचारलंस. आई म्हणाली, “ह्येचा बाप हात वर करून हुबा ऱ्हायला तर तीनदा.”

आणि मी बघितलं, तुझं पेन थांबलं होतं. टोपण लावलं होतंस.

मला लाज वाटली. मला वाटलं, पाहुणा कंटाळला. खरंच, आमच्या घरात काय नवल होतं? तुझ्या घरीही बाजरी, तुझ्या घरीही मूग, तुझ्या आज्यानंही विहीर खणलेली. एवढं लांबून, एवढी नवी वही घेऊन आलेला माणूस, आणि आम्ही त्याला त्याच्याच घरची गोष्ट वाढतोय. आमच्यात एक चाल खरी आहे. पाहुण्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही. घरात तांदूळ नसेल तर उसना, कोंबडी नसेल तर शेजारची, पण काहीतरी हातावर ठेवायचंच. त्या दिवशी घरात काही नव्हतं. म्हणून मी एक थाप ठेवली.

मी आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की माणसं पुढं झुकतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, “दिगू, एक सांगतो, कुणाला सांगू नको. आमच्यात दोन रात्री एका जागी झोपत नाहीत. तिसऱ्या दिवशी जमीन माणसाला ओळखू लागते. एकदा ओळखलं की सोडत नाही. म्हणून तिनं ओळखायच्या आत उठायचं.”

पेनाचं टोपण निघालं. पेन असं धावलं की मला माझाच अभिमान वाटला. आईनं आमच्या बोलीत मला विचारलं, हे काय सांगतोयस? मी आमच्या बोलीतच म्हटलं, पाहुण्याला खूश करतोय. ती हसली. तूही हसलास. ज्या भिंतीला टेकून तू ते लिहीत होतास ती भिंत बांधून सहा वर्षं झाली होती. तिच्यावर आईनं दोनदा शेणामातीचा हात फिरवलेला होता. तुझ्या शर्टाला पाठीमागं ती माती लागली आणि जाताना आईनंच ती झटकली.

मग बरीच वर्षं गेली आणि कादंबरी आली. तुझ्या चिठ्ठीमुळं मी वाचनालयात चिकटलो होतो, तेव्हा पहिली प्रत माझ्याच हातात पडली. माझी थाप पहिल्याच पानावर होती. पुढं तीनशे पानं तिच्यावर उभी. विहीर नव्हती. दगड नव्हते. बाजरीचा एक दाणा नव्हता. शेवटच्या प्रकरणात तर सगळी पालं पहाटे गुंडाळली जातात आणि माणसं धुक्यात निघून जातात. आपल्या शिरूर तालुक्यात धुकं. मला वाटलं, धुकं बहुतेक पाहुणं म्हणून आलं असेल.

आईला नाव सांगितलं तर म्हणाली, “पाऊल म्हंजी पाय. पायाला कसलं गोत?” मग म्हणाली, “माजी हीर हाय का त्यात?”

मी म्हटलं, “हाय.”

ही माझी दुसरी थाप, आणि पहिलीपेक्षा वाईट. आईला वाचता येत नाही. तिनं ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवीशेजारी ठेवलं. अंगणवाडीची बाई येवो, लस टोचणारी येवो, मतदारयादीवाला येवो, ती पिशवी सोडायची आणि सांगायची, “ह्यात माजी हीर हाय. दिगू मास्तरानं लिवलीय.” मी तिथं असलो तर बाहेर जायचो.

पुस्तक गाजलं. कॉलेजला लागलं. मग पोरं-पोरी छापील प्रश्नावल्या घेऊन वस्तीवर येऊ लागली. “तुमच्यात दोन रात्री एका जागी झोपत नाहीत ना?” एका पोरीनं मला विचारलं. मी म्हटलं, “झोपतो, पण कूस बदलतो.” तिनं ते लिहून घेतलं. ‘कूस बदलणे हा विधी.’ तिच्या प्रबंधात तो असेल.

इथवर मजाच होती. मी खोटं बोलणार नाही, मला आवडायचं ते. आपल्या तोंडून निघालेली थाप एवढी शिकून मोठी झाली याचा कोणत्याही बापाला वाटेल तेवढा आनंद मला झाला होता.

मग माझ्या मुलीच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी आली. तिथं पोरीला आपल्या जमातीच्या चालीरीती विचारतात, खरी आहे की बनावट ते बघायला. साहेबांनी विचारलं, “तुमच्यात एका जागी किती रात्री मुक्काम करतात?” पोरगी म्हणाली, “सर, आम्ही त्याच घरात राहतो. माझी आजी चाळीस वर्षं तिथंच आहे.” साहेबांनी मान हलवली आणि प्रकरण अडकलं. त्यांच्या मते खऱ्या पारध्याला हे माहीत असायला पाहिजे होतं. दुसऱ्या तारखेला मी पोरीला शिकवून नेलं. तिनं खाली बघत सांगितलं, “एका रात्रीपेक्षा जास्त नाही, सर. जमीन ओळखते.” साहेब खूश झाले. दाखला मिळाला. माझ्या थापेमुळं माझी मुलगी पारधी ठरली. तुला सांगितलं तर तू डोळ्यात पाणी येईपर्यंत हसलास. “बघ, पोरीचं काम केलं का न्हाई माज्या कादंबरीनं?” मीही हसलो. पोरगी हसली नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “पप्पा, मी खरं बोलले तवा खोटी ठरले.”

आणि मग जमीन.

सरकारचं म्हणणं असं की ठरवून दिलेल्या तारखेच्या आधीपासून गायरान कसत असल्याचं सिद्ध करा, मग नावावर करू. सिद्ध कशानं करायचं? सातबाऱ्यावर नाव नाही. नाव असतं तर भांडण कशाला? आमच्याकडं एकच पुरावा असतो. अतिक्रमण केलं म्हणून तलाठ्यानं केलेल्या दंडाची पावती. दुसऱ्या कुणाला दंड झाला की तो पावती फाडून टाकतो. आम्ही ती देवीच्या गाठोड्यात ठेवतो. दंड झाला की आई गूळ वाटायची. पण एका साली छप्पर गळलं आणि गाठोड्यातल्या सगळ्या पावत्यांचा लगदा झाला. देवी धातूची होती, ती राहिली.

आता त्या उतारावर सौर प्रकल्प करायचा ठराव गावानं केला. ऊन तर आमच्या उतारावर कायमच पडत होतं, फक्त आजवर त्याचा कुणाला उपयोग सुचला नव्हता. तहसीलात सुनावणी लागली. गावाच्या वकिलानं कागद काढले नाहीत. त्यानं पिशवीतून तुझी कादंबरी काढली, टेबलावर ठेवली आणि पहिलं पान मोठ्यानं वाचलं. म्हणाला, “साहेब, हे मी सांगत नाही. यांच्याच जिवलग मित्रानं लिहिलंय, वस्तीवर राहून, यांच्याच तोंडून ऐकून. हे लोक जमिनीला धरून राहतच नाहीत. यांची संस्कृतीच तशी आहे. यांना जमीन देणं म्हणजे यांच्या संस्कृतीवर अन्याय.”

तहसीलदार भला माणूस. माझ्याकडं बघून हळवा झाला. “मी कॉलेजात वाचलीय. शेवटचं प्रकरण वाचून रडलो होतो.”

मी म्हटलं, “साहेब, मीपण.”

त्याच संध्याकाळी तू वाचनालयात आला होतास. आठवतं ना? आयुष्यात पहिल्यांदा तू कपाटाकडं गेला नाहीस. मी म्हटलं, दिगू, दोन ओळींचं प्रतिज्ञापत्र दे. मी अमुक साली वस्तीवर गेलो होतो, तिथं घर होतं, विहीर होती, पीक उभं होतं. बस. तुला लोक मानतात.

तू म्हणालास, “शिवा, कादंबरीला कुणी साक्षीला बोलवत न्हाई.”

“बोलवलीय. सायबाच्या टेबलावर बसलीय. मला खुर्ची भेटली न्हाई, तिला टेबल भेटलं.”

“ती कलाकृती हाय. मी परतिज्ञापत्र दिलं की अर्थ असा व्हतो, मी पुस्तकात खोटं लिवलं.”

“खोटंच हाय ते.”

“कावून खोटं? तूच सांगितलंतंस.”

तेव्हा मी कबूल केलं. इतक्या वर्षांनी. म्हटलं, दिगू, ती मी मारलेली थाप होती. तुझं पेन चालावं म्हणून. आमच्यात असलं काही नाही. कधीच नव्हतं.

तू कसा बसलास रे खाली. हातातला कप तसाच. चेहरा असा केलास की मला माझीच शिसारी आली. “मला फसवलंस बे?” म्हणालास. “माझ्या आयुष्याचं काम थापेवर उभं हाय, अन् तुला माहीत व्हतं? एवढी वर्षं?” मी तुझे पाय धरायचे बाकी ठेवले होते. मग तू मोठ्या मनानं उठलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास. “जाऊ दे. फसवलंस तरी मित्र हायस. तारखेला येतो, सायबापुढं तोंडी सांगतो.”

तारखेला तू आला नाहीस. फोन लावला तर लागला नाही. दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. तू त्या दिवशी एका संमेलनात ‘आदिवासी आणि त्याची भूमी’ या विषयावर बोलायला गेलतास. भाषण गाजलं म्हणे. पुढच्या तारखेलाही आला नाहीस, त्याच्या पुढच्यालाही. आणि मी तुला एका शब्दानं बोललो नाही. कसं बोलणार? फसवणारा मी होतो. तू फसलेला होतास. तुला पुन्हा काही मागायचं तोंड मला कुठं होतं? दोन वर्षं मी तुझ्यापुढं मान खाली घालून वावरलो. कपाटाचा खेळसुद्धा भीतभीत खेळलो.

मग या पावसाळ्यात तू गेलास. एका दुपारी, वाचता वाचता. असं मरण मागून मिळत नाही म्हणतात. मला ते तुझ्या स्वभावाला धरूनच वाटलं. अवघड प्रश्न आला की तू नेहमीच उठून जायचास.

दहाव्याला पिंड ठेवला. सगळे जरा लांब उभे राहिले, आता तासभर कावळ्याची मनधरणी करावी लागणार म्हणून. कुणीतरी पुढच्या आवृत्तीचं कबूल करायला पुढं सरसावलंच होतं. तर कावळा मिनिटभरात आला आणि शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. म्हणाले, माणूस तृप्त गेला, काही राहिलं नाही मागं. मी त्या कावळ्याकडं असं बघितलं की तो पिंड अर्धा टाकून उडाला.

परतताना सुनंदावहिनींनी मला थांबवलं आणि एक वही दिली. “भावजी, ही त्यांच्या कुलपाच्या खणात होती. वर तुमच्या वस्तीचं नाव हाय. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.”

दिगू, मी ती वही वाचनालयाच्या पायरीवर बसून वाचली. आत जायचा धीर झाला नाही.

तुझं पेन थांबलं नव्हतं. तू घरी जाऊन सगळं लिहिलं होतंस. आईचा शब्द न् शब्द, तिच्याच बोलण्यात. हात वर केलेला बाप, तीनदा. आणि तू फक्त त्या दिवशी आला नव्हतास. मी कॉलेजात असताना तू एकटा आणखी चार वेळा वस्तीवर आलतास. पानापानावर तारीख आहे. नकाशा आहे, शिसपेन्सिलीनं काढलेला. कुठला बांध कुणी घातला, कुठल्या तुकड्यात काय पेरलंय, कडेची सीताफळं कुणी लावली. बापाचं नाव, चुलत्याचं नाव. आईचंही, ‘केसरमावशीचा तुकडा’ असं. सरकारनं ठरवलेल्या तारखेच्या आधीची तारीख, तुझ्या सुंदर अक्षरात. साऱ्या जगात त्या जमिनीवर आमचं नाव लिहिलेला तेवढाच कागद आहे, आणि तो तुझ्या कुलपात होता. मी तुझ्याकडं दोन ओळी मागत होतो. तुझ्याकडं एक्केचाळीस पानं होती.

माझी थापही होती. तिच्या भोवती चौकट होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतंस. ‘शिवाची थाप. झकास. वापरायची.’

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो कप, तो चेहरा, ते ‘मला फसवलंस बे’. मी स्वतःला मोठा नाटकी समजत होतो. तुझ्यापुढं मी पडदा ओढणारा पोरगा. दोन वर्षं तू मला माझ्या खोटेपणाचं ओझं वाहायला लावलंस आणि त्या ओझ्याखाली मी आमच्या जमिनीचं नावसुद्धा काढलं नाही. यावर मी खूप ओरडायचं ठरवलं होतं. पण वाचनालयाच्या पायरीवर ओरडून कसं चालेल? तिथं शांतता राखण्याची पाटी मीच लावलीय.

वहीच्या शेवटच्या पानावर तू लिहिलंस, ‘हे लोक आमच्यासारखेच आहेत. याची कादंबरी होत नाही.’

ही दोन वाक्यं मी किती वेळा वाचली असतील. त्यातलं पहिलं वाक्य माझ्याबद्दल कुणी लिहावं म्हणून मी आठवीपासून वाट बघत होतो. ते तू लिहिलंस, आणि पुढच्याच वाक्यात आम्हाला बाकावरून उठवलंस. म्हणून पुस्तक मी कपाटातून हलवलं. इतके दिवस मला वाटायचं, तू भोळेपणानं खरं समजून लिहिलंस. आता कळलं, ती कादंबरीच होती. तुझं बरोबर होतं.

ही वही मी पुढच्या तारखेला तहसीलात देणार आहे. पोरगी म्हणाली, “पप्पा, ते चौकटीचं पान काढा. नाहीतर वकील म्हणेल, हा माणूस थापाड्या आहे, याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?” म्हणेल. म्हणू दे. एक पान काढलं तर मीही तुझ्यासारखाच होईन. सगळी वही देणार. त्यात मी खोटा ठरेन आणि जमीन खरी ठरेल, अशी आशा आहे. नाही ठरली तर काय, ते मला माहीत नाही. रात्र रात्र त्याचाच विचार करतो. तुझे आभार मानावेत असंही वाटतं, कारण तू ती जाळली नाहीस. तुला सहज जाळता आली असती. कुलूप लावून ठेवलीस. कोणासाठी, हे विचारायला तू नाहीस.

परवा बीडला तुझी शोकसभा झाली. मला फोन आला होता, “तुम्ही पारंपरिक वेशात याल का?” मी म्हटलं, येईन, आणि टेरिकॉटचा शर्ट घालून गेलो. तोच माझा पारंपरिक वेश आहे, पंचवीस वर्षांचा. आई हट्टानं आली. “दिगा माजं पोरगंच व्हतं,” म्हणाली. भल्या पहाटे तिची कामं चालली होती, म्हणून जीपवाला खोळंबला. तिला पहिल्या रांगेत बसवलं. शाल दिली. तिनं ती घडी करून मांडीवर ठेवली.

भाषणं झाली. मग कॉलेजचे एक प्राध्यापक उठले. म्हणाले, सरांना श्रद्धांजली म्हणून शेवटचं प्रकरण वाचतो. आईनं ते पुस्तक अठरा वर्षं सांभाळलं होतं, पण तिच्या कानावर त्यातला एक शब्द पडू नये याची काळजी मी घेतली होती. मी तिच्याकडं वळून म्हटलं, “चल, पाणी पिऊन येऊ.” तिनं माझा हात बाजूला केला. “गप. दिगानं लिवलेलं हाय.”

प्राध्यापकांचा आवाज चांगला होता. “पहाट फुटायच्या आत पालं उठली होती. चुलीच्या दगडांत अजून ऊब होती. जमिनीनं त्यांना ओळखायच्या आत ती माणसं निघून गेली होती. मागं उरलं होतं धुकं, आणि त्या धुक्यात त्यांच्या पावलांचं गोत्र.” आई पुढं झुकून ऐकत होती. ओठ हलत होते. ती काय शोधत होती ते मला माहीत होतं आणि ते पुढच्या ओळीत नाही हेही. पान उलटलं. माणसं गेली. आणखी एक पान. ती अजून जातच होती. मागं कुणीतरी रुमाल काढला. तहसीलदारसाहेब दुसऱ्या रांगेत होते, त्यांचा चष्मा हातात होता.

पुस्तक मिटलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, असा सभेला प्रश्न पडला. त्या शांततेत आईनं मला विचारलं, “संपलं?”

मी म्हटलं, “संपलं.”

ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली, आणि उतारावरून हाक मारावी तशा आवाजात व्यासपीठाकडं बघून म्हणाली, “ओ मास्तर, कुटं गेलो आमी? आज सकाळीच तूर खुरपून आलेय मी.”